लोअरिंग स्प्रिंगा टाकायच्यात, पण गाडीचं हँडलिंग बिघडवायचं नाही

वळणवेडा (धागाकर्ता)

मंडळी, गाडी टोयोटा जीटी ८६. कारखान्यातून आली तशीच आहे, एक बोल्टही बदललेला नाही. चाकाच्या वर कमानीत जी पोकळी दिसते ती डोळ्यांत खुपते. उगाच तांत्रिक आव आणत नाही, मला गाडी दिसायलाही खाली हवी आहे. पण ही गाडी घेतली ती वळणांसाठी. स्टीअरिंग हातात बोलतं, मागचं टोक कधी सुटणार ते आधी कळतं. हे गेलं तर पोकळी परवडली.

शोधाशोध केली तर सगळीकडे फक्त "किती मिमी खाली" एवढंच लिहिलेलं. २०, ३०, ४०. त्यापलीकडे काय बघून निवडायचं? प्रोग्रेसिव्ह (दाबत जाऊ तशी ताठ होणारी) का लिनिअर (ताठरपणा सारखाच राहणारी)? शॉक, म्हणजे स्प्रिंगेचं डुलणं आवरणारी नळकांडी, बदलावे लागतील का? थेट कॉइलओव्हर (उंची जुळवता येणारा स्प्रिंग-शॉकचा संच) घे असं कृपया कोणी सांगू नका. ते सेट करत बसायची हौस नाही, आणि चुकीचे सेट केलेले कॉइलओव्हर साध्या स्प्रिंगांपेक्षा वाईट असतात असं ऐकून आहे.

---

अश्वशक्ती

४० टाक, डोळे मिटून. दिसायला एक नंबर. माझ्या गाडीत मूळ शॉकवरच टाकल्यात, काही होत नाही.

---

तेलकट_हात

अश्वशक्ती, सरळ रस्त्यावर काहीच होत नसतं रे. सरळ रस्त्यावर बैलगाडीचंही हँडलिंग उत्तम असतं.

वळणवेडा, तुमचा प्रश्न योग्य आहे, फक्त मिमी उलट्या बाजूने मोजा. गाडी किती खाली आली ते नंतर बघू. चाकाला वर जायला किती जागा उरली ते आधी बघायचं. शॉकच्या दांड्यावर वरच्या अंगाला बम्प स्टॉप असतो, मऊ रबरासारखा दिसणारा तुकडा. हल्ली तो सूक्ष्म छिद्रांच्या पॉलियुरेथेनचा असतो. गाडी खाली आली की तो तेवढाच जवळ येतो. शॉक मूळ ठेवले तर दुसरं काही होऊच शकत नाही.

खर्च करण्याआधी एक काम करा. शॉकच्या दांड्यावर एक बारीक केबल टाय घट्ट आवळा, धूळटोपी वर सरकवून. खाली शॉकच्या नळकांड्याला टेकेपर्यंत सरकवा. मग नेहमी चालवता तशी गाडी चालवून या, वळणं, खड्डे, ब्रेक सगळं आलं पाहिजे. टाय वर सरकून जिथे थांबला असेल तिथपर्यंत शॉक दबला होता. ज्यांचे शॉक उलटे बसवलेले मोनोट्यूब (एकाच नळीचे) असतात त्यांना हे करता येत नाही, तुमच्या मूळ शॉकना येईल.

---

गणिती

तेलकटकाकांच्या मुद्द्याला थोडं अंकगणित जोडतो. सोयीचे गोल आकडे घेतोय, हे कुठल्याही विशिष्ट गाडीचे नाहीत.

समजा एका कोपऱ्यावर स्प्रिंगेने तोललेलं वजन ३०० किलो. चाकापाशी मोजलेला ताठरपणा ३० न्यूटन प्रति मिमी. बम्प स्टॉपला टेकेपर्यंत जागा ६० मिमी. म्हणजे वळणात बाहेरच्या चाकावर १८०० न्यूटन जादा भार येईपर्यंत स्प्रिंग एकटी काम करते.

आता गाडी ३० मिमी खाली, ताठरपणा तोच: ३० गुणिले ३०, ९०० न्यूटन. निम्मा.

३० मिमी खाली आणि स्प्रिंग एक तृतीयांश ताठ, म्हणजे ४०: १२०० न्यूटन. अजूनही मूळच्या दोन तृतीयांश.

१५ मिमी खाली आणि ४० ची स्प्रिंग: १८००. मूळ गाडीइतकंच.

३० मिमी खाली येऊन तेच १८०० हवे असतील तर स्प्रिंग ६० ची लागेल, दुप्पट. तेव्हा त्या कोपऱ्याची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे स्प्रिंगेवर तो सेकंदाला किती वेळा वर-खाली डुलतो ते, १.६ वरून सव्वादोन हर्ट्‌झवर जाते. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्या साधारण दीड ते दोनच्या आसपास असतात. सव्वादोन म्हणजे ट्रॅकवरच्या गाडीकडे झुकलेला मामला, रोज बसवत नाही.

आणि हे झालं फक्त वळणातल्या भाराचं. खड्ड्याचा हिशेब ऊर्जेचा असतो, त्यात जागेचा वर्ग येतो. १५ मिमी खाली, ४० च्या स्प्रिंगेवर बम्प स्टॉपपर्यंत ४०.५ ज्यूल शोषले जातात, मूळ गाडीत ५४. म्हणजे वळणात बरोबरी झाली तरी खड्ड्यात २५ टक्के तूट आहेच.

---

सावकाश_जा

बम्प स्टॉपला टेकली तर टेकली. तो असतोच त्यासाठी ना? एवढं घाबरायचं काय त्यात?

---

तेलकट_हात

टेकण्याला हरकत नाही. कारखान्यातल्या बऱ्याच गाड्या तो दुसऱ्या स्प्रिंगेसारखा मुद्दाम वापरतात, त्याचा आकार, लांबी, मऊपणा ठरवून दिलेला असतो. हरकत आहे ती कुठल्या क्षणी टेकतो त्याला. पूर्ण वळणात गाडी एका बाजूला कललेली आहे, टायर पकडीच्या शेवटच्या टोकाला आहेत, आणि त्या क्षणी पुढचा बाहेरचा कोपरा स्टॉपवर बसला. तिथला ताठरपणा एकदम कितीतरी पट झाला, पुढच्या बाहेरच्या टायरवर जास्तीचा भार गेला. गाडी नाक बाहेर काढते, अंडरस्टीअर. हे पुढे झालं तर तुम्ही शिव्या घालून वेग कमी करता. मागे झालं तर शिव्या घालायला वेळ मिळत नाही. वळणाच्या मध्ये एक उंचवटा, मागचा बाहेरचा कोपरा स्टॉपवर, आणि मागचं टोक निसटलं.

लोअर केलेली गाडी "कधी कधी विचित्र वागते" असं लोक म्हणतात त्यातल्या बऱ्याच तक्रारी इथे येऊन थांबतात. गुळगुळीत रस्त्यावर तीच गाडी झकास वाटते.

---

वळणवेडा

केबल टाय लावून फेरी मारून आलो. पुढचे दोन्ही टाय थेट बम्प स्टॉपला जाऊन भिडलेत, मागे थोडी जागा शिल्लक आहे. गाडी अजून मूळ उंचीवर आहे हे लक्षात घ्या! म्हणजे ४० मिमी विषयच संपला.

---

अश्वशक्ती

माझी तर मग स्टॉपवरच झोपलेली असणार. तरीच स्पीड ब्रेकरवर टाळकं हलतं. मला वाटायचं स्पोर्टी स्प्रिंग म्हणजे असंच असतं.

---

रेषा_आखतो

एक महत्त्वाची गोष्ट राहिली आहे, भूमिती.

गाडी खाली आणली की गुरुत्वमध्य खाली येतो, म्हणून वळणात भार कमी सरकतो, हे खरं. पण किती? एकूण सरकणारा भार गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात असतो. उंची ५०० मिमी धरली आणि गाडी २५ मिमी खाली आणली तर फायदा फार तर ५ टक्के. तोही पूर्ण नाही, कारण चाकं, ब्रेक, हब आपल्या जागीच राहतात.

तोटा कुठे होतो ते बघा. जीटी ८६ ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे (चाकाला वरून शॉकच धरतो, खाली एक आर्म), मागे डबल विशबोन (वर आणि खाली दोन्हीकडे आर्म). स्ट्रटमध्ये खालच्या आर्मचा कोन बदलला की रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, झपाट्याने खाली जातो. गाडी २५ मिमी खाली, तर रोल सेंटर त्याहून बराच जास्त खाली, कधी कधी जमिनीच्याही खाली. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यातलं अंतर हाच गाडी कलवणारा दांडा. तो लांब झाला. म्हणजे गाडी खाली आणून, ताठरपणा तोच ठेवला, तर ती वळणात आधीपेक्षा जास्त कलते! ताठ स्प्रिंगेतला बराचसा ताठरपणा हे नुकसान भरून काढण्यातच खर्ची पडतो.

दुसरं, कॅम्बर, म्हणजे चाकाचा झुकाव. वरची कड आत झुकली की निगेटिव्ह. स्ट्रटमध्ये चाक वर जाताना आधी थोडा निगेटिव्ह कॅम्बर वाढतो. खालचा आर्म स्ट्रटच्या रेषेशी काटकोनात आला की तिथून पुढे उलटा प्रवास सुरू, टायर बाहेरच्या कडेवर उभा राहायला लागतो. फार खाली आणलेली गाडी त्या काटकोनाच्या जवळच उभी असते. उभी असताना चाकं छान आत झुकलेली दिसतात, आणि ऐन वळणात जेव्हा झुकाव वाढायला हवा तेव्हा तो वाढत नाही.

तिसरं, बम्प स्टीअर. टाय रॉड (स्टीअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) आणि आर्म एकमेकांशी जुळवून बसवलेले असतात. दोघांचे कोन बदलले की उंचवट्यावर चाक स्वतःच थोडं वळतं. वळणवेडा म्हणतात तसं "स्टीअरिंग हातात बोलतं" ते मग बडबडायला लागतं.

लांब मानेचे बॉल जॉइंट (आर्म चाकाकडे जोडणारे सांधे) मिळतात, त्यांनी आर्मचा कोन परत मूळच्या जवळ आणता येतो. पण तसं केलंत तर टाय रॉडचं टोकही त्याच हिशेबाने बदलावं लागतं, नाहीतर एक दुखणं काढून दुसरं घ्याल. २० मिमीच्या आत राहिलात तर यात पडायची गरज सहसा पडत नाही.

---

सावकाश_जा

मग कलणं थांबवायला नुसता जाड अँटीरोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) का नको? स्प्रिंगेला हातच लावायला नको.

---

रेषा_आखतो

गाडी खाली नको असेल तर उत्तम उपाय आहे. पण बार फक्त कलण्याला विरोध करतो. ब्रेक मारल्यावर नाक खाली जातं, दोन्ही चाकं एकदम उंचवट्यावर जातात, तेव्हा बार नुसता फिरतो. गाडी खाली आणून जागा कमी केली असेल तर तिथे स्प्रिंगच ताठ लागते. शिवाय बार फार जाड केला की एका चाकाचा धक्का दुसऱ्याला पोचतो.

एक गंमत सांगतो. पाठ्यपुस्तकी नियम म्हणतो की पुढची बाजू ताठ केली की अंडरस्टीअर वाढतो. स्ट्रटवाल्या गाडीत अनेकदा उलट अनुभव येतो, कारण गाडी कमी कलल्यामुळे पुढच्या टायरचा कॅम्बर टिकतो आणि त्यातून मिळणारी पकड वरचढ ठरते. म्हणून नियम तोंडपाठ करण्यापेक्षा टायरची झीज बघा. बाहेरची कड खाल्ली जात असेल तर कॅम्बर कमी पडतोय.

---

पाना_दहा

प्रोग्रेसिव्ह-लिनिअरबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्या मते रस्त्यावर प्रोग्रेसिव्ह. साध्या रस्त्यावर मऊ, दाबली की ताठ. आयबाख कंपनीची प्रो-किट स्प्रिंग बहुतांश अशीच असते आणि तिची ख्याती उगाच नाही.

---

तेलकट_हात

प्रो-किटबद्दल वाद नाही, माफक उतार आहे. पण सरसकट "प्रोग्रेसिव्ह चांगली" म्हणू नका. काही स्प्रिंगांत जवळजवळ गुंडाळलेले वेढे गाडीच्या वजनानेच मिटून जातात. गाडी उभी असतानाच ते एकमेकांवर बसलेले, म्हणजे चालताना तुम्ही जवळपास लिनिअर स्प्रिंगच वापरताय. त्या मिटलेल्या वेढ्यांचा उपयोग एवढाच की चाक लोंबकळलं तर स्प्रिंग सैल पडू नये. दुसऱ्या प्रकारात ताठरपणा खरोखर प्रवासाच्या मध्ये बदलतो. ती आरामाला बरी, पण गाडी कलताना आतल्या आणि बाहेरच्या चाकाचा ताठरपणा वेगळा होतो, आणि शॉकने कुठल्या आकड्याला साथ द्यायची हेही ठरत नाही.

ज्याला मागचं टोक कधी सुटणार ते आधी कळायला हवंय त्याने लिनिअरकडे किंवा मिटणाऱ्या वेढ्यांच्या स्प्रिंगेकडे झुकावं. विकणाऱ्याला सरळ विचारा: उभ्या उंचीला ताठरपणा किती आणि पूर्ण दबल्यावर किती? आकडा देत नसेल, "स्पोर्टी फील" म्हणत असेल, तर पुढच्याकडे जा.

---

नवशिक्या_ड्रायव्हर

थोडा बाळबोध प्रश्न. मूळ स्प्रिंगेचा एक वेढा कापला तर गाडी खालीही येते आणि स्प्रिंग ताठही होते असं एकाने सांगितलं. मग विकत का घ्यायची?

---

गणिती

सांगणाऱ्याचं अर्धं बरोबर आहे. स्प्रिंगेचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, वेढ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या आणि काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात. सहातला एक वेढा गेला तर ताठरपणा २० टक्क्यांनी वाढतो. पण उंची किती घटेल ते तुमच्या हातात राहत नाही, सहसा २० टक्क्यांच्या मानाने फार जास्त घटते. वर दिलेला हिशेब तिथे पार कोलमडतो.

चौथ्या घातावरून आठवलं. १२ मिमीच्या तारेऐवजी साडेबारा मिमीची घेतली, फक्त अर्धा मिमी, तर ताठरपणा जवळजवळ १८ टक्के वाढतो. म्हणून स्प्रिंग डोळ्यांनी बघून ताठ की मऊ हे कोणी सांगू लागला तर नमस्कार करावा.

---

तेलकट_हात

कापू नका. स्प्रिंगेचं टोक खोबणीत बसण्यासाठी घडवलेलं असतं, कापलेलं टोक तिथे बसत नाही. चाक हवेत गेलं की स्प्रिंग सरकते, आवाज करते, एखाद दिवशी जागा सोडते. गॅसने तापवून बसवणारेही भेटतात, त्यात पोलादाची कसच मरते. विषय संपला.

---

वळणवेडा

वाचून डोकं गरगरलं पण खूप उलगडलं. आता शॉक. पुढे १५ ते २०, मागेही तेवढंच, ताठरपणा साधारण २५ ते ३० टक्के जास्त अशी जोडी बघतोय. मूळ शॉक चालतील? ते अजून चांगल्या अवस्थेत आहेत.

---

गणिती

शॉकची गरज ताठरपणाच्या वर्गमुळाने वाढते. स्प्रिंग ३० टक्के ताठ, तर डॅम्पिंग (शॉकची डुलणं आवरण्याची ताकद) सुमारे १४ टक्के जास्त हवं. निरोगी मूळ शॉक एवढं कसंबसं सांभाळून घेईल. स्प्रिंग ६० टक्के ताठ झाली तर २६ टक्के जास्त लागेल, तेव्हा मूळ शॉकवर गाडी उंचवट्यानंतर डुलत राहणार.

---

पाना_दहा

चालतील, पण किती दिवस हा प्रश्न आहे. शॉक आता नेहमी दबलेल्या भागात काम करणार. बिलस्टीन कंपनीच्या शॉकच्या रांगेत बी ६ मूळ उंचीसाठी आणि बी ८ लोअरिंग स्प्रिंगांसाठी आखूड केलेला, हा फरक त्यांनी उगाच ठेवलेला नाही. कोनी कंपनीच्या पिवळ्या स्पोर्ट शॉकमध्ये रिबाउंड (शॉक परत लांबतानाचा विरोध) कमी-जास्त करता येतो, त्याने ताठ स्प्रिंगेला आवर घालता येतो. तुमच्या गाडीला यातलं नेमकं काय बसतं ते भागाच्या क्रमांकावरून पडताळून घ्या.

माझा सल्ला: स्प्रिंग आणि शॉक एकाच वेळी. नाहीतर तीच मजुरी दोनदा.

---

तेलकट_हात

आखूड शॉकचं आणखी एक कारण आहे. ताठ स्प्रिंग गाडीच्या वजनाने कमी दबते. गणितींच्या ६० वाल्या स्प्रिंगेचंच बघा, ३०० किलोला ती फक्त ५० मिमी दबेल. शॉक मात्र उभ्या उंचीपासून ५० मिमीपेक्षा जास्त लांबू शकत असेल तर जॅकवर उचलल्यावर किंवा चाक उचललं गेल्यावर स्प्रिंग सैल. स्प्रिंग पूर्ण लांबलेल्या शॉकवरही थोडी दाबाखाली राहिली पाहिजे. तुम्ही निवडताय त्या ताठरपणाला अडचण येऊ नये, तरी बसवताना हाताने हलवून बघायला सांगा.

बसवण्याचं म्हणाल तर एक गोष्ट निम्म्या गॅरेजांत चुकते. आर्मचे बोल्ट चाकं लोंबकळत असताना आवळतात. आतला रबरी बुश त्याच स्थितीत जखडला जातो, गाडी खाली ठेवली की पिळला जातो. गाडी अपेक्षेइतकी खाली येत नाही, बुश लवकर फाटतात, आणि ताठरपणात नको ती भर पडते ती वेगळीच. पुढचे-मागचे सगळे आर्मचे बोल्ट ढिले करून, गाडीचं वजन चाकांवर घेऊन, मग शेवटचा टॉर्क. खड्डा किंवा रॅम्प असलेलं गॅरेज शोधा. स्ट्रटच्या वरच्या नटला इम्पॅक्ट गन लावू देऊ नका, दांडा फिरून आतलं सील जातं. वरचं बेअरिंग खरखरत असेल तर उघडलंच आहे तर बदला.

बम्प स्टॉप कापायचा का, किती, ते स्प्रिंगेबरोबरच्या पत्रकात असेल तसंच. पत्रकात नसेल तर हात लावू नका. मूळ स्टॉप पूर्ण काढून टाकणारे शूरवीर पाहिलेत, मग शॉक आतून आपटून मरतो.

---

अश्वशक्ती

आता मला सांगा, माझ्या मागच्या टायरची आतली कड पार गुळगुळीत झाली आहे. कॅम्बर जास्त म्हणून ना?

---

रेषा_आखतो

कॅम्बरवर आळ घेण्याआधी टो मोजून घ्या, म्हणजे वरून बघता चाकं आत की बाहेर वळलेली आहेत ते. गाडी खाली आली की दोन्ही बदलतात, आणि टायर खातो तो मुख्यतः टो. टायर रस्त्यावर सतत तिरका घासत चालतो, निगेटिव्ह कॅम्बरमुळे ती घासाघीस आतल्या कडेवर एकवटते. टो बरोबर असेल तर थोडाफार जास्त कॅम्बर टायर बराच काळ सोसतो.

वळणवेडा, तुमच्या गाडीत कारखान्याची सोय फक्त टो जुळवण्याची आहे. कॅम्बर हवा तर पुढे कॅम्बर बोल्ट आणि मागे लांबी बदलणारे खालचे आर्म वेगळे घ्यावे लागतात. १५-२० मिमीला मागे आर्म लागू नयेत. पुढे बोल्ट टाकले तर डावी-उजवी बाजू सारखी करता येते, तेवढ्यासाठी तरी टाका. स्प्रिंगा बसवल्यावर थोडं चालवू द्या, बसल्या की मग अलाइनमेंट. नेहमी एकटे चालवत असाल तर तुमच्या वजनाएवढं काहीतरी सीटवर ठेवून मोजायला सांगा. हेडलाइटचा झोतही तपासा, पुढे-मागे सारखी खाली आली नसेल तर तो हलतो.

---

वळणवेडा

शेवटचा प्रश्न. दोन जोड्या उरल्यात. एकीत पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा बरीच ताठ वाटते, दुसरीत मागची. आकडे नुसते बघून कुठली घ्यावी?

---

गणिती

स्प्रिंगेचे आकडे एकमेकांशी लावू नका, चाकापाशी आणा. पुढे स्ट्रटमध्ये स्प्रिंग जवळजवळ चाकाइतकीच हलते. मागे ती आर्मवर आतल्या बाजूला बसलेली असते, म्हणून चाकापेक्षा कमी. चाक १० मिमी हललं आणि स्प्रिंग ७ मिमी, तर चाकापाशी ताठरपणा ०.७ चा वर्ग, म्हणजे जवळपास निम्माच पोचतो. त्यामुळे मागची स्प्रिंग कागदावर ताठ दिसणं साहजिक आहे.

मग दोन्ही टोकांची वारंवारता काढा. मागची पुढच्यापेक्षा किंचित जास्त असावी. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागचं टोक किंचित जलद असलं की ते पुढच्याला गाठतं आणि गाडी डोलण्याऐवजी सपाट वर-खाली होते. मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये हे मांडलं. ट्रॅकवर मुद्दाम उलटही करतात, रस्त्यावर त्याची गरज नाही. दोन्ही जोड्यांचे उभ्या उंचीचे आकडे इथे टाका, हिशेब करून देतो. शक्य झालं तर मूळ स्प्रिंगांचेही द्या. मूळच्या पुढे-मागे गुणोत्तराच्या जवळची जोडी घेतलीत तर गाडीचा स्वभाव फारसा बदलणार नाही.

---

वळणवेडा

एका जोडीचे आकडे मिळाले, दुसऱ्या विक्रेत्याचं उत्तर आलं: "साहेब, एकदम स्पोर्टी फील." निवड झाली. शॉकसह मागवतोय, खड्डा असलेलं गॅरेजही ठरवलंय.

---

तेलकट_हात

बसवल्यावर केबल टाय पुन्हा लावा, आणि पुढचा टाय अजूनही स्टॉपला भिडतोय का ते इथे कळवा.